धक्का-स्टार्ट

जावयाला नाही म्हणायचं नाही, हे मी आमच्या सासऱ्यांकडे बघून शिकलो. धोंड्याच्या महिन्यात मी त्यांच्याकडे जेवायला गेलो की ते गृहस्थ माझ्याशी तीन-तीन तास क्रिकेटवर बोलत बसायचे. त्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, ही गोष्ट मला त्यांच्या तेराव्याला कळली.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं लेकीकडे कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफिल्डला सहा महिने राहायला गेलो होतो. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी जावयांनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "बाबा, शनिवारी तुमच्यासाठी एक सरप्राइज आहे." मी ताबडतोब "अरे वा!" म्हणून मोकळा झालो. काय आहे ते नंतर विचारलं.

"हॉट रॉड रीयुनियन. आणि ड्रॅग रेस. सकाळी सातला निघू, रात्री उशिरा परत."

आमच्या पिढीला हॉट रॉड एकच ठाऊक, बादलीत सोडून आंघोळीचं पाणी तापवायचा. त्यांचं संमेलन कुणी भरवत असेल आणि ते रात्रीपर्यंत चालत असेल, हे मला पटेना. माझा चेहरा बघून लेक म्हणाली, "अहो बाबा, जुन्या गाड्या! तुमच्या किती आवडीच्या!"

इथं जरा मागं जायला हवं. आमच्याकडे एक प्रीमियर पद्मिनी होती. घरात आम्ही तिला फियाटच म्हणायचो. १९७९ सालची, मी घेतली तेव्हा तिचा तिसरा मालक होतो. लेकीच्या आठवणीत त्या गाडीतून आम्ही महाबळेश्वरला जातोय, मागच्या सीटवर ती आणि तिचा भाऊ भेंड्या लावताहेत, आणि खंबाटकी घाटात बाबा बॉनेट उघडून इंजिनाकडे प्रेमानं बघताहेत. मी प्रेमानं बघत नव्हतो. गाडी घाटात तापली की पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप पेट्रोल ओढेनासा व्हायचा, म्हणून मी पंपावर ओलं फडकं धरून उभा असायचो. तो पंप निवायला वीस मिनिटं लागत. त्या वीस मिनिटांत मागून येणारा प्रत्येक ट्रकवाला माझ्या सात पिढ्यांची चौकशी करून जाई.

शिवाय ती सकाळी चालू व्हायची नाही. चोक ओढा, चोक ढकला, आईबापाची शपथ घाला, ती फक्त खाकरायची. मग धक्का. पुण्यातले लोक गाडी लावायला सावली बघतात, मी उतार बघायचो. कोथरूडला फ्लॅट घेताना बिल्डरनं मला हवा, उजेड, पाणी सगळं दाखवलं. मी गेटपाशी जाऊन रस्ता कुठल्या बाजूला उतरतो ते पाहिलं आणि टोकन दिलं. उतार पुरला नाही की मी मागून ढकलणार, दूधवाला डावीकडून, आणि क्लचवर आमची ही. "सेकंड टाक! आता सोड! सोड!" "सोडला की!" "अगं, आत्ता नको, मगाशी!" बावीस वर्षांच्या संसारात आमची जेवढी भांडणं झाली, त्यातली निम्मी सेकंड गिअरमध्ये झाली आहेत. गाडी विकली त्या दिवशी लेक ढसाढसा रडली होती. मी सोसायटीत पेढे वाटले होते, ते तिला अजून माहीत नाही.

तर या मुलीनं लग्नानंतर जावयांना सांगून ठेवलं होतं, बाबांचा जुन्या गाड्यांवर फार जीव.

शनिवारी आमच्या हिनं ऐनवेळी गुडघ्याचं कारण काढलं. तिचा गुडघा सोयीचा आहे, देवदर्शनाला दुखत नाही. तिनं तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणच्याची पुडी माझ्या जाकिटाच्या खिशात कोंबली आणि कानात म्हणाली, "तोंड पाडून बसू नका, बिचाऱ्यानं महिनाभर आधी तिकिटं काढलीत."

बेकर्सफिल्डहून ९९ नंबरच्या हायवेनं उत्तरेला निघालं की वीस-पंचवीस मिनिटांत फमोसो लागतं, शर्यतीचं ठिकाण. वाटेत दोन्हीकडे बदामाच्या बागा. शहराच्या त्या अंगाला तेलविहिरींचे पंप दिवसरात्र मान खालीवर करत असतात, बोलावल्यासारखे. जावई एका तेल कंपनीत इंजिनिअर आहेत, त्यामुळे त्या पंपांबद्दल ते नेहमी भरभरून सांगतात. त्या दिवशी मात्र ते पंपांकडे बघायला तयार नव्हते. दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि तोंडानं इतिहास.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या पोरांच्या हातात थोडा पैसा होता आणि अंगात विमानं दुरुस्त करण्याची कला होती. त्यांनी स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड उचलल्या. त्यातही १९३२ ची, कारण त्या वर्षी फोर्डनं सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत पहिल्यांदा आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बसवलं होतं. पोरांनी मडगार्ड काढली, छप्पर कापून बुटकं केलं, इंजिन पिळून काढलं. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांच्या तळांवर ती पळवली, आणि तलाव लांब पडायला लागले तेव्हा गावातल्या रस्त्यांवर. पोलीस मागं लागले. मग ओस पडलेल्या लष्करी धावपट्ट्यांवर सरळ रेषेत शर्यती लावायची शक्कल निघाली. १९५० साली सांता आनाच्या विमानतळावर तिकीट लावून ड्रॅग रेस सुरू झाली, पुढच्या वर्षी वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. फमोसोची पट्टीही मुळात विमानांचीच. १९५९ च्या मार्चमध्ये बेकर्सफिल्डच्या 'स्मोकर्स' नावाच्या क्लबनं इथं अशी शर्यत भरवली की डॉन गार्लिट्स नावाचा गडी पार फ्लोरिडाहून गाडी ओढत आला. जिंकला मात्र इकडचाच आर्ट क्रिसमन.

एवढं सगळं जावयांनी एका दमात सांगितलं, एखादा मुलगा तोंडी परीक्षेला आल्यासारखं. मध्ये एकदा अडखळले तेव्हा मागं जाऊन पुन्हा सन सांगितलं. मला वाटलं, केवढा हा नाद! मी दर दोन मैलांना "अरे वा!" म्हणत होतो. फमोसो येईपर्यंत माझे दिवसभराचे निम्मे "अरे वा!" खर्च झाले होते.

आत गेल्यावर आधी गाड्यांचं प्रदर्शन. झाडीत ओळीनं गाड्या लावलेल्या, बॉनेट उघडी, आणि प्रत्येक गाडीच्या बाजूला घडीच्या खुर्चीवर तिचा मालक, साधारण माझ्या वयाचा. दारी रांगोळी काढून पाहुण्यांची वाट बघत बसावं तसे बसले होते. काही गाड्यांच्या पोटाखाली आरसे ठेवले होते. मला वाटलं, बॉम्बशोधक पथकाचं काही असेल. पण नाही, गाडीची खालची बाजूसुद्धा क्रोम करून घासूनपुसून ठेवलेली, ती बघणाऱ्याला वाकायला लागू नये म्हणून ही सोय. माझ्या फियाटच्या पोटाखाली मी पुष्कळदा आडवा झालेलो आहे. तिथं बघण्यासारखं काय असतं ते मला नेमकं माहीत आहे, आणि त्यातलं बरंचसं माझ्या तोंडावर गळलेलं आहे.

रंग मात्र बघत राहावेत असे. गर्द जांभळा, त्यावर पुढच्या चाकांपासून दारापर्यंत रंगवलेल्या ज्वाळा, आणि कडेनं एका केसाच्या ब्रशनं ओढल्यासारख्या बारीक रेघा. हे हातानं काढणारे कारागीर तिथंच बसून काढून दाखवत होते. एकाचा हात बघून मला आमच्या लहानपणी ट्रकच्या फाळक्यावर मोर काढणारा पेंटर आठवला. तोही असाच श्वास रोखून रेघ ओढायचा आणि रेघ संपली की विडी पेटवायचा.

त्याच्या पुढच्या ओळीत गंजलेल्या गाड्या होत्या. गंजलेल्या म्हणजे खरोखर गंजलेल्या, दाराचा रंग उडून लाल पत्रा उघडा पडलेला. मी आपला सहानुभूतीनं म्हणालो, "याला रंगाचा खर्च परवडला नसेल." जावयांनी घाईघाईनं खुलासा केला. "नाही बाबा, याला पॅटिना म्हणतात. मुद्दाम ठेवतात. वरून पारदर्शक लॅकर मारलंय, गंज जाऊ नये म्हणून."

गंज जाऊ नये म्हणून! मी दर पावसाळ्याआधी पॉलिश पेपर घेऊन ज्याच्याशी लढलो, ज्यानं माझ्या ड्रायव्हरच्या पायाखाली एवढं भोक पाडलं की पावसात पाय वर घेऊन गाडी चालवावी लागे, त्याला हे लोक वॉर्निश लावून जपत होते. त्या क्षणी मला पेढे वाटल्याचा थोडा पश्चात्ताप झाला. आमची फियाट इथं आणली असती तर पहिलं बक्षीस नक्की होतं.

कडेला सुट्या भागांचा बाजारही होता. ताडपत्रीवर मांडलेले जुने कार्बोरेटर, पिचलेले हेडलाइट, कुठल्या तरी गाडीचं अर्धं दार. पुण्याचा जुना बाजार अगदी. फक्त भाव ऐकल्यावर आपण पुण्यात नाही हे कळत होतं. एका चाकाच्या पोचलेल्या झाकणासाठी एक गृहस्थ जो आकडा मोजत होते, त्यात मंगळवार पेठेत मला चारही चाकं, स्टेपनी आणि वर शपथ मिळाली असती, की माल चोरीचा नाही.

अकराच्या सुमाराला जावई म्हणाले, "बाबा, मी टोपी विसरलो गाडीत. घेऊन येतो, तुम्ही बघा निवांत." आणि गेले ते तासभर आलेच नाहीत.

मी एका पांढऱ्या दाढीवाल्या आजोबांच्या गाडीपाशी सावली बघून उभा होतो. त्यांनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, तू काय चालवायचास? मी म्हणालो, फियाट. म्हातारा खुर्चीतून ताडकन उठला. "फियाट? टोपोलिनो?" आणि माझा दंड धरून मला जवळजवळ ओढतच दोन ओळी पलीकडे घेऊन गेला.

तिथं खरंच एक फियाट होती. टोपोलिनो, इटलीतली युद्धापूर्वीची चिमुकली गाडी, मूळची ५६९ सीसी आणि तेरा अश्वशक्तीची. अंगानं आमच्या पद्मिनीचीही धाकटी बहीण शोभावी अशी. १९६० च्या दशकात इथल्या लोकांना हिचं टरफल फार आवडलं, कारण हलकं आणि आखूड. त्यांनी आतलं सगळं फेकून दिलं आणि पुढं व्ही-एट बसवलं. समोरच्या गाडीत ते बॉनेटमध्ये मावत नव्हतंच, त्यामुळे इंजिन बाहेर, त्यावर हवा कोंबणारा सुपरचार्जर, आणि त्याच्या मागं ड्रायव्हर बसलेला. एखाद्या पाचवीतल्या मुलानं पाठीवर पिंपळ घेऊन शाळेत जावं तसं दिसत होतं. म्हातारा अभिमानानं विचारत होता, तुझीत किती हॉर्सपॉवर होती? मी म्हणालो, चाळीसेक, सकाळी त्याहून कमी. सकाळी म्हणजे? मग मी त्याला खंबाटकी, ओलं फडकं, उतार आणि दूधवाला असं सगळं माझ्या इंग्रजीत सांगितलं. तो पोट धरून हसला. आमची ही क्लच वेळेवर सोडत नसे हे ऐकून तर त्यानं शेजारच्या दोघांना बोलावून मला ते पुन्हा सांगायला लावलं. मी दुसऱ्या वेळी जरा मीठमसाला घातला.

जावई आले तेव्हा त्यांचे केस विस्कटलेले होते आणि टोपी नव्हतीच. "मिळाली नाही," म्हणाले. उन्हानं त्रास झाला असेल म्हणून मी त्यांना एक पुरी दिली.

दुपारी शर्यत. जावयांनी मला फोमच्या दोन गोळ्या दिल्या, पिळून कानात घालायच्या. घातल्यावर जगातले आवाज एकदम लांब गेले आणि मला पहिल्यांदा त्या दिवशी बरं वाटलं. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर राहणाऱ्यांना या गोळ्या रेशनवर द्यायला हव्यात, असं मी जावयांना सांगितलं. ते हसले, पण त्यांनाही ऐकू आलं नव्हतं.

शर्यत म्हणजे एवढंच. दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात. त्याआधी मागची चाकं पाण्याच्या डबक्यात घालून जागच्या जागी गरगरा फिरवतात, म्हणजे टायर तापून चिकट होतात. त्या वेळी पांढऱ्या धुराचा ढग उठतो आणि थोड्या वेळानं आपल्या डोक्यावर काळ्या तिळांचा वर्षाव होतो. ते तीळ म्हणजे रबर. मग मध्ये एक खांब असतो, त्यावर दिवे. त्याला ते नाताळचं झाड म्हणतात, १९६३ सालापासून ते झाड आलं, त्याआधी एक माणूस झेंडा घेऊन मधोमध उडी मारायचा. पिवळे दिवे, हिरवा दिवा, आणि संपलं. पाव मैल, ४०२ मीटर, आमच्या घरापासून दूधकेंद्राइतकं अंतर. इंजिन ड्रायव्हरच्या पुढं असलेले ते जुन्या ढंगाचे लांबुडके ड्रॅगस्टर हे अंतर सहा सेकंदांच्या आत कापत होते, शेवटाला ताशी अडीचशे मैलांच्या आसपास वेग, आणि पुढं छत्री उघडून थांबायचं. मी लोणच्याची पुडी उघडायला मान खाली घातली, वर केली तोवर पहिली शर्यत झाली होती. दुसरी बघायची म्हणून पुडी मिटली. दुसरीच्या वेळी पुढच्या माणसाची टोपी आड आली.

मंचरला बदलीवर असताना मी बैलगाड्यांचा घाट पाहिला आहे. तिथंही सरळ रेघ, तिथंही सेकंदांचा हिशेब, आणि बारी सुटली की 'भिर्रर्र' करून हजारो माणसं एका दमात ओरडतात. पण बैल धावताना दिसतात तरी. इथं दिसत काहीच नाही, फक्त छाती हलते. कानात गोळ्या असल्या तरी तो आवाज बरगड्यांतून आत येतो. पहिल्यांदा मला वाटलं हार्ट अटॅक, मी डावा हात दाबून पाहिला. मग दोन गाड्या गेल्या आणि अटॅक थांबला.

आणि प्रत्येक शर्यतीमागं थांबणं. एका गाडीचं इंजिन वाटेतच फुटलं, पट्टीवर तेल सांडलं, तर ते पुसून, पावडर टाकून, घासून काढेपर्यंत पाऊण तास गेला. सहा सेकंदांच्या कामासाठी पाऊण तास थांबणं हे मला अनोळखी नव्हतं, मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली आहेत. त्या पाऊण तासात जावयांनी आणखी माहिती दिली. इंजिन पुढं असल्यामुळे फुटलं की सगळं ड्रायव्हरच्या अंगावर यायचं. १९७० साली लाँग बीचच्या लायन्स पट्टीवर गार्लिट्सचा गिअरबॉक्स फुटला आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. त्यानं पुढच्या वर्षी इंजिन मागं असलेली गाडी आणली, ती जिंकत सुटली, आणि बघता बघता पुढं इंजिन असलेल्या सगळ्या गाड्या अडगळीत गेल्या. त्याच अडगळीचं हे संमेलन. लायन्सची पट्टीही राहिली नाही, १९७२ च्या डिसेंबरात बंद झाली, शेजारच्या घरांना आवाज सोसेना. मी मनात त्या शेजाऱ्यांना नमस्कार केला.

स्वच्छतागृहांबद्दल मी लिहिणार नाही. निळी होती.

दुपारनंतर आम्ही गाड्या तयार करतात त्या बाजूला गेलो. तिथं एका गाडीचं इंजिन चालू करून बघत होते, आणि मला अचानक रडू यायला लागलं. डोळ्यांतून घळाघळा धारा, नाकातून पाणी, घशात आग. शेजारी एक सव्वासहा फुटी टॅटूवाला उभा होता, तोही रडत होता आणि हसत होता. या गाड्या पेट्रोलवर चालत नाहीत, नायट्रोमिथेनवर चालतात. पेट्रोलच्या एका भागाला जळायला जवळजवळ पंधरा भाग हवा लागते, याला जेमतेम पावणेदोन, कारण हे आपला प्राणवायू बरोबरच घेऊन येतं. त्यामुळे इंजिनात ते पेट्रोलच्या कित्येक पट ओतता येतं, आणि जे जळत नाही ते तुमच्या डोळ्यांत जातं. ही रसायनं मला नंतर कळली. त्या वेळी मी फक्त रुमाल शोधत होतो. जावयांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांचेही डोळे लाल, आणि हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला. संध्याकाळी लेकीच्या फोनवर माझा व्हिडिओ पोचलेला होता, खाली मजकूर, 'बाबा खूप इमोशनल झालेत.' आमच्या हिनं त्यावर लिहिलं होतं, 'औषध घेतलं का विचार.'

साडेसहाला ऊन उतरलं तेव्हा माझ्याजवळचे "अरे वा!" संपले होते. पाय सुजले होते, डोक्यात रबर होतं, पोटात सकाळच्या चार पुऱ्या आणि दुपारचे फ्रेंच फ्राइज. मी धीर करून म्हणालो, "मग, निघायचं का?" जावयांचा चेहरा क्षणभर उजळला. मला वाटलं ते दिव्याचं. मग तो पुन्हा पडला आणि ते म्हणाले, "नाही बाबा, मुख्य कार्यक्रम आत्ताच आहे. कॅकलफेस्ट. तो चुकवून कसं चालेल?"

लोक कठड्याला चिकटून उभे राहायला लागले. अंधार पडत होता. आणि मग पट्टीवर जे आलं ते बघून मी कानातल्या गोळ्या काढल्या.

पुढं एक जुना ड्रॅगस्टर, सायकलसारखी पुढची चाकं, काचेसारखा चकचकीत. त्याच्या मागं त्याच काळातला एक पिकअप ट्रक. आणि तो ट्रक त्या ड्रॅगस्टरला ढकलत होता.

मी जावयांना विचारलं, "बंद पडली का?"

"नाही, नाही. यांना स्टार्टरच नसायचा. वजन वाचवायला. तेव्हा शर्यतीआधी अशाच चालू करायचे."

त्या क्षणानंतर जावयांच्या माहितीची मला गरज राहिली नाही. ट्रकनं वेग धरला. ड्रॅगस्टरचा ड्रायव्हर थांबून होता, घाई करत नव्हता. आधी इंजिन नुसतं फिरू द्यायचं, तेलाचा दाब चढू द्यायचा, मग इंधन सोडायचं, आणि अगदी शेवटी मॅग्नेटोचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचा, खटका. हा क्षण चुकला की गेलं. मी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. गाडी आमच्या समोर आली आणि माझ्या तोंडून, अख्ख्या कॅलिफोर्नियाला ऐकू जाईल अशा आवाजात निघालं, "आता! सोड! सोड!"

आणि त्यानं सोडला. एक खाकरा, दोन खाकरे, आणि धडाड्! दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून पिवळ्या ज्वाळा वर आल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मी आयुष्यात किमान हजार वेळा गाडी धक्क्यावर चालू केली असेल. त्यातल्या एकाही वेळी कुणी टाळी वाजवली नाही. एकदा जोश्यांनी गॅलरीतून वरून "विका आता" एवढं म्हटलं होतं.

मग एकामागून एक ढकलत आणत राहिले. चालू झालेल्या गाड्या ओळीनं उभ्या राहात होत्या, जागच्या जागी अडखळत गुरगुरत होत्या आणि अंधारात सगळ्यांच्या नळ्यांतून ज्वाळा लवलवत होत्या, दीपमाळ पेटावी तशा. कुठलीही गाडी कुठंही जाणार नव्हती. शर्यत नाही, बक्षीस नाही. नुसत्या चालू झाल्या, याचाच सोहळा. हे मात्र मला आतून कळलं. आमच्या घरी सकाळी आठ वाजता फियाट चालू झाली की आम्ही नवराबायको अगदी अशाच चेहऱ्यानं एकमेकांकडे बघायचो. ऑफिसला जाणं नंतरचं.

एक गाडी चालूच होईना. ट्रक ढकलतोय, ती नुसती धूर टाकतेय. लोक हळहळले. मी शेजारच्याला इंग्रजीत सांगितलं, जरा लवकर सोडला त्यानं. शेजारचा म्हणाला, हो, लवकर सोडला. आम्ही दोघांनी माना हलवल्या. तो तोच टॅटूवाला होता. नायट्रोच्या वासानं आम्ही दोघंही पुन्हा रडत होतो आणि मला रुमाल शोधावासा वाटला नाही.

पार्किंग म्हणजे एक मोकळं धुळीचं रान. अर्धा तास चालून आमची गाडी सापडली. जावयांनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. दिवे काजव्यासारखे.

"बॅटरी गेली," जावई म्हणाले.

माझा चेहरा खुलला असावा. मी जाकीट काढलं, बाह्या सरसावल्या आणि गाडीच्या मागं जाऊन उभा राहिलो. "चला, तुम्ही बसा आत. सेकंड टाका. मी सांगेन तेव्हा क्लच सोडा."

"बाबा," जावई खिडकीतून हळूच म्हणाले, "ही ऑटोमॅटिक आहे. हिला क्लच नाही."

हात डिकीवर तसेच ठेवून मी थोडा वेळ उभा राहिलो. बावीस वर्षांची विद्या, आणि ती लावायला क्लच नाही. शेवटी पलीकडच्या ओळीतून एका जुन्या पिकअपचा मालक केबल घेऊन आला, आमच्या बॅटरीला त्याची बॅटरी जोडली आणि मिनिटाभरात गाडी चालू झाली. जाताना त्यानं जावयांना विचारलं, लाइट चालू राहिले होते का? जावई म्हणाले, नाही, सकाळी तासभर आत बसलो होतो, पंखा आणि गाणी लावून.

मी काही बोललो नाही. ९९ नंबर लागला. बदामाच्या बागांवर अंधार होता. पाच-सहा मैल गेल्यावर जावयांनी घसा साफ केला.

"बाबा, खरं सांगू का? मला गाड्यांतलं काही कळत नाही. आवडतही नाही. ही म्हणाली बाबांचा जीव आहे, म्हणून दोन रात्री बसून सगळं वाचून काढलं. सकाळी डोकं इतकं ठणकायला लागलं, की म्हटलं जरा गाडीत जाऊन पडावं. रागावू नका."

मला आमच्या सासऱ्यांचा क्रिकेट बोलतानाचा चेहरा आठवला. सकाळी हे ऐकलं असतं तर मी जावयांच्या गळ्यात पडलो असतो, आणि दोघं मिळून त्या शर्यतीला यथेच्छ शिव्या घातल्या असत्या. पण माझ्या स्वेटरला अजून नायट्रोचा वास येत होता. आणि ती एक गाडी चालू झाली नव्हती, ती डोक्यातून जात नव्हती. त्या पोरानं खटका लवकर टाकला होता, यात मला शंका नव्हती.

"मार्चमध्येही इथं मोठी शर्यत असते म्हणालात ना?" मी विचारलं. "ती एकोणसाठपासूनची?"

"हो. मार्चच्या सुरुवातीला असते."

"आम्ही पंधरा मार्चपर्यंत आहोत."

जावई क्षणभर रस्त्याकडे बघत राहिले.

"अरे वा!" म्हणाले.